मोंते अमियाताभोवती पाच रात्री: गरम झरे आणि जुनी गावं एकाच वाटेवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत फ्लॉरेन्स आणि रोम होणार आहे, त्या दोन्हींच्या मध्ये पाच रात्री मोकळ्या आहेत. सोबत गुडघेदुखी असलेल्या आई, रक्तदाबाची गोळी घेणारे बाबा आणि इतिहासाची आवड असलेली शाळकरी मुलगी. इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या सातुर्नियाच्या गरम पाण्याच्या धबधब्याचे फोटो पाहून तिथे जायचंय, जुनी गावंही बघायचीत, जेवण शाकाहारी हवं. गाडी भाड्याने घ्यावी की नाही, हे ठरत नाही.

गाडी घ्या, आणि पाचही रात्री मोंते अमियाता या एकाच डोंगराभोवती काढा. तीन रात्री उत्तरेला वाल दॉर्चा या खोऱ्यात, दोन रात्री दक्षिणेला पितिल्यानो गावाच्या आसपास. सिएना, सान जिमिन्यानो, पिसा यांतलं काहीही या पाच दिवसांत घालू नका. लोक टस्कनीची यादी करतात, सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, आणि झऱ्यावर पोचतात तेव्हा गर्दीची वेळ झालेली असते. त्यांना वाटतं की झरा ही दमल्यावरची करमणूक आणि इतिहास वेगळीकडे, चर्च-किल्ल्यांत. या भागात तसं नाही. इथली गावं, तटबंद्या, यात्रेकरूंचा रस्ता, पोपांचे मुक्काम, यांतलं बरंच काही गरम पाण्यामुळे आहे. पाण्यामागे गेलात तर इतिहास आपोआप वाटेत येतो.

अमियाता हा १७३८ मीटर उंचीचा ज्वालामुखी. त्याचा शेवटचा उद्रेक होऊन सुमारे दोन लाख वर्षं झाली, पण खालची जमीन अजून तापलेली आहे. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांतून खोल उतरतं, तापतं, वाटेतल्या चुनखडीतून कॅल्शियम आणि गंधकाची संयुगं घेऊन डोंगराच्या पायथ्याशी वर येतं. उघड्यावर आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना दगड होऊन बसतो. तोच ट्रॅव्हर्टीन. सातुर्नियाची पांढरी वाटीसारखी कुंडं आणि सान फिलिप्पोचा पांढरा कडा, दोन्ही याच क्रियेतून तयार झाले आणि अजूनही होतायत. याच डोंगरातून पाऱ्याचं खनिज निघायचं. आब्बादिया सान साल्वातोरेची खाण विसाव्या शतकात बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे. पियांकास्तान्यायोजवळ जमिनीतल्या वाफेवर वीज तयार होते. रस्त्यावरून वाफेचे लोट दिसले की मुलीला हे सगळं एका दमात समजावता येईल.

पहिलं ठिकाण म्हणून मी सान काशानो देई बान्यी सांगेन. पर्यटकांच्या यादीत हे गाव खूप खाली असतं, आणि मला वाटतं की इतिहास आवडणाऱ्या मुलीसाठी त्याच्या तोडीचं दुसरं ठिकाण या पट्ट्यात नाही. गावाखाली शेतात गरम झरे आहेत, पाणी सुमारे ४२ अंशांचं. तिथल्या उत्खननात एट्रुस्कन (रोमच्या सत्तेआधी या भागात नांदणारे लोक) आणि रोमन काळातलं देवस्थान सापडलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं की कुंडाच्या तळच्या गाळातून २४ ब्राँझच्या मूर्ती निघाल्या आहेत, सोबत हजारो नाणी. मूर्ती इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून इसवीसनाच्या पहिल्या शतकापर्यंतच्या. ब्राँझ सहसा वितळवून पुन्हा वापरलं जातं, म्हणून प्राचीन ब्राँझ इतकं कमी उरलंय. इथे गरम चिखलाने ते हवेपासून झाकून ठेवलं, त्यामुळे मूर्तींवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. काही लेख एट्रुस्कन भाषेत, काही लॅटिनमध्ये. रोमने एट्रुस्कन शहरं एकेक करून गिळली त्यानंतरही या एकाच कुंडावर दोन्ही भाषांतले भक्त मागणं मागत होते.

मागणं म्हणजे काय, तर दुखणं बरं व्हावं. म्हणून मूर्तींबरोबर कान, पाय, आतले अवयव यांच्याही ब्राँझच्या प्रतिकृती वाहिलेल्या आहेत. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहतात, तसंच. तुमच्या मुलीने ते पाहिलं असेल तर दोन हजार वर्षांपूर्वीचा नवस तिला लगेच कळेल. पुढे ख्रिस्ती काळात, पाचव्या शतकाच्या सुमारास, हे देवस्थान बंद झालं. ते फोडलं नाही, कुंड दगडांनी झाकलं. आपल्याला आज इतकं मिळालं ते त्यामुळेच.

या मूर्ती प्रदर्शनांसाठी फिरत असतात. २०२३ मध्ये रोमच्या क्विरिनाले राजवाड्यात त्या पहिल्यांदा मांडल्या होत्या. गावातच संग्रहालय उभारायचं ठरलेलं आहे. तेव्हा निघण्याआधी त्या सध्या कुठे आहेत हे जरूर बघा. मूर्ती नसल्या तरी जागा बघण्यासारखी आहे: उत्खननाच्या अगदी शेजारी दगडी बांधणीची जुनी सार्वजनिक कुंडं आहेत, उघड्यावर, तिकीट नाही. गावातून खाली पायवाट जाते. उतार बऱ्यापैकी आहे, येताना चढ लागतो, म्हणून आई-बाबांना गावातल्या चौकात कॉफी घेऊन बसू द्या. तिथून दिसणारी दरी सुंदर आहे.

सान काशानोच्या पश्चिमेला रादिकोफानी, काळ्या खडकावरचा किल्ला, लांबूनच दिसतो. इथे गीनो दी ताक्को नावाच्या दरोडेखोर सरदाराचा अड्डा होता. त्याची गोष्ट अशी सांगतात की फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा मठाधिपती पोटाच्या विकारावर उपाय म्हणून सिएनाच्या गरम झऱ्यांकडे निघाला होता. गीनोने त्याला वाटेत पकडलं, कोठडीत ठेवून फक्त भाजलेला पाव आणि थोडी वाइन दिली, आणि मठाधिपतीचं पोट झऱ्यावर न जाताच बरं झालं. गोष्ट खरी असो वा नसो, युरोपातली मोठी माणसं या पाण्यासाठी आल्प्स ओलांडून यायची हे तिच्यातून कळतं. किल्ल्याच्या खालून व्हिया फ्रांचिजेना जायची, कँटरबरीहून रोमला जाणारा यात्रेकरूंचा मार्ग. पाय सुजलेले यात्रेकरू आणि गरम झरे एकाच रस्त्यावर असल्यावर गावं वसणारच.

त्यातलंच बान्यो विन्योनी. या गावाच्या चौकात फरसबंदी नाही, त्या जागी मोठा दगडी तलाव आहे, जवळजवळ ५० मीटर लांब, आणि त्यात जमिनीतून गरम पाणी येतं. चारही बाजूंना जुनी घरं. सिएनाची संत कॅथरीन इथे आली होती, फ्लॉरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची इथे उपचारासाठी राहिला होता. या तलावात उतरायला सक्त मनाई आहे, दंड होतो. नुसतं कडेने फिरायचं. पहाटे गारठा असेल तर पाण्यावर वाफ धरलेली असते, म्हणून याच गावात किंवा अगदी जवळ मुक्काम मिळाला तर घ्या. डुंबायला गावातल्या हॉटेलांचे तलाव आहेत, पैसे भरून बाहेरच्यांनाही घेतात, पण आधी जागा राखून ठेवावी लागते. तुमच्या आईंसाठी मला हे तलाव योग्य वाटतात, कारण पायऱ्या, कठडा, कपडे बदलायची खोली, सगळं असतं. गावाच्या टोकाला कड्यावरून पाणी खाली पडतं. तिथे खडकात कोरलेल्या मध्ययुगीन गिरण्यांचे अवशेष आहेत. गरम झरा उन्हाळ्यात आटत नाही, म्हणून नदी कोरडी पडली तरी इथलं दळण चालू राहायचं. झऱ्याची ही बाजू लोकांच्या लक्षातच येत नाही. पाण्याने आंघोळीइतकंच पोटही भागवलं.

तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत बान्यी सान फिलिप्पो. झाडीतून खाली उतरणारी वाट, ओढ्याच्या काठाने निळसर-पांढरी कुंडं, आणि शेवटी ‘पांढरा देवमासा’ म्हणतात तो चुन्याचा प्रचंड कडा. पाणी उगमापाशी ४८ अंशांच्या आसपास, ओढ्याच्या थंड पाण्यात मिसळत जातं तसं सोसवेल असं होतं. प्रवेश मोफत. कड्यावर चढू नका. तो भुसभुशीत आहे आणि पायाने मोडतो.

ज्या संताचं नाव या गावाला आहे त्याची कथा मला या सगळ्या प्रदेशातली सर्वांत आवडती. नोव्हेंबर १२६८ मध्ये पोप चौथे क्लेमेंट रोमच्या उत्तरेला वितेर्बो शहरात वारले. नवा पोप कोण, यावर कार्डिनलांचं, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंचं, जवळजवळ तीन वर्षं एकमत होईना. वैतागलेल्या शहरवासीयांनी त्यांना राजवाड्यात कोंडलं, जेवण कमी केलं, शेवटी छप्पर उतरवलं. याच काळात फिलिप्पो बेनित्सी या साधूचं नाव पोपपदासाठी पुढे येऊ लागलं. परंपरा सांगते की हे कानावर येताच तो अमियाताच्या जंगलात पळाला आणि निवड होईपर्यंत या झऱ्यांजवळच्या गुहेत लपून राहिला. सप्टेंबर १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले. त्यांनीच पुढे १२७४ मध्ये कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा नियम केला, आणि आजही पोपची निवड बंद दाराआड होते ती त्या परंपरेने. गुहा गावाजवळच आहे. झऱ्यात पाय सोडून बसल्यावर मुलीला ही गोष्ट सांगा. तुम्ही पुढे रोमला सिस्टीन चॅपल बघाल, पोपची निवड तिथेच होते, तेव्हा तिला ती आठवेल.

पिएन्झाला अर्धा दिवस पुरे. कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात १४०५ मध्ये जन्मलेला एनेआ सिल्व्हियो पिक्कोलोमिनी १४५८ मध्ये दुसरा पायस म्हणून पोप झाला आणि त्याने जन्मगावाचं रूपच बदललं. बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराने १४५९ ते १४६२ या काळात कॅथेड्रल, राजवाडा आणि चौक उभा केला. कॅथेड्रल उताराच्या कडेला मातीवर आहे, त्यामुळे त्याचा मागचा भाग खचत आलाय. आत उभं राहिलं की जमिनीचा कल जाणवतो. राजवाड्याच्या मागच्या सज्जातून समोर थेट अमियाता दिसतो. संधिवाताने हैराण झालेला हा पोप स्वतः झऱ्यांचा मोठा भोक्ता होता. सिएनाच्या दक्षिणेला पेत्रिओलो इथे तो उपचाराला जायचा. पेत्रिओलोची कुंडं सिएनाने तटबंदी घालून राखली होती, भिंतींचे अवशेष अजून आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी गरम पाणी थेट फार्मा नदीत सांडतं. पण ते वाल दॉर्चाच्या पश्चिमेला दूर पडतं. फ्लॉरेन्सहून खाली येताना सान गाल्गानोचा छप्पर नसलेला मठ बघणार असाल तरच वाटेत घ्या. नाहीतर सोडा.

चौथ्या दिवशी अमियाताला वळसा घालून दक्षिणेला उतरा. आता सातुर्निया. पाणी वर्षभर ३७.५ अंश, आणि सेकंदाला शेकडो लिटर. जुन्या गिरणीच्या बाजूने ते पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडांतून उतरतं. जागा खरोखर फोटोइतकीच सुंदर आहे. तरीही दुपारी गेलात तर निराश व्हाल. बसायला कोपरा मिळत नाही आणि पाण्यापेक्षा माणसं जास्त दिसतात. उजाडता उजाडता पोचा, दोन तासांत निघा. दिवाळीच्या सुमारास सकाळची हवा गार असते, आणि गार हवेत कोमट पाण्याचं खरं सुख कळतं. मे महिन्यातल्या दुपारी ते तसं मिळत नाही, म्हणून तुमची सुट्टी चांगल्या वेळी आली असं मी म्हणेन. धबधब्याला तिकीट नाही, पार्किंगला पैसे पडतात. कपडे बदलायची धड सोय नाही, गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. कुंडांच्या तळाशी बारीक खडी आणि बुळबुळीत शेवाळ असतं. आईंना इथे उतरवू नका. त्यांच्यासाठी जवळच याच पाण्याचं पैसे देऊन वापरायचं स्नानगृह आहे. बाबांना मात्र हे तापमान सोसेल.

बहुतेक लोक टेकडीवरच्या सातुर्निया गावात जातच नाहीत. वर जा. रोमनांनी इसवीसनापूर्वी १८३ मध्ये इथे वसाहत केली. गावाच्या वेशीतून व्हिया क्लोदिया हा रोमन रस्ता जातो, त्याच्या फरशा जागेवर आहेत.

शेवटच्या दोन रात्री पितिल्यानोत किंवा शेजारच्या शेतघरात. ‘अग्रितुरिस्मो’ म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा मुक्काम, त्यात कुटुंबाला पुरेल अशी स्वयंपाकघरासह जागा मिळते. पितिल्यानो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाच्या कड्यावर असं बसलंय की घर कुठे सुरू होतं आणि खडक कुठे संपतो ते कळत नाही. पोपच्या राज्यातून हुसकावलेल्या ज्यूंनी सोळाव्या शतकात इथे आसरा घेतला. सिनेगॉग १५९८ चं, आणि त्याखाली खडकात कोरलेली बेकरी आणि स्नानकुंड बघता येतं. अक्रोड आणि मध भरलेली ‘स्फ्रात्तो’ ही काठीच्या आकाराची मिठाई जरूर खा. ज्यूंना घराबाहेर काढताना दारावर ज्या काठ्या आपटल्या जायच्या त्यांचा तो आकार आहे. अन्याय विसरायचा नाही आणि गोडही करून घ्यायचा, असं त्या समाजाने केलं.

सोवाना तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. कोरीव एट्रुस्कन थडगी आणि ‘व्हिए कावे’ म्हणतात त्या खडकात खोल कापलेल्या वाटा. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंती वीस मीटरपर्यंत जातात, वर आकाशाची पट्टी. या वाटा नेमक्या कशासाठी कापल्या, यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत. पाऊस झाला असेल तर निसरडं होतं, तेव्हा आई-बाबांनी गावातच थांबावं. पोप सातवे ग्रेगरी, ज्यांच्यापुढे सम्राट चौथा हेन्री १०७७ मध्ये माफीसाठी कानोस्साच्या किल्ल्याबाहेर बर्फात उभा राहिला, ते याच गावचे, असं मानतात.

आता तब्येतीचं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची सवय आहे म्हणून इथे बिनधास्त उतरू नका. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, आणि गोळी चालू असेल तर एकदम उभं राहिल्यावर चक्कर येते. बाबांनी एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, बाहेर येताना आधी काठावर बसायचं, मग उठायचं, पाणी प्यायचं. ४० अंशांच्या वरच्या कुंडात त्यांनी उतरू नये असं माझं मत. तरी निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आईंच्या गुडघ्यांना शेकाने तात्पुरता मोकळेपणा येईल, त्यापेक्षा जास्त आशा ठेवू नका. इटालियन डॉक्टर संधिवातावर हे उपचार लिहून देतात, पण ते बारा-बारा वेळांच्या क्रमाने घेतात. एका डुबकीचा तो परिणाम नव्हे.

पोहण्याचा पोशाख लागतोच, बायकांनाही. पूर्ण अंग झाकणारा, पोहण्याच्या कापडाचा पोशाख मोकळ्या झऱ्यांवर चालतो. सुती सलवार किंवा टी-शर्ट घालून स्नानगृहात सोडत नाहीत. बंदिस्त तलावात डोक्याला टोपी आणि पायात रबरी चपला मागतात, त्या इथूनच न्या. साबण, शाम्पू झऱ्यात नाही. चांदी काढून ठेवा, पैंजण, जोडवी सगळं. गंधकाने ती काळी पडते. मंगळसूत्रही खोलीवर राहू दे. पोशाख जुना न्या, त्याचा नासक्या अंड्यासारखा वास दोन-तीन धुण्यांपर्यंत राहतो.

जेवणात तुम्हाला ‘पिची’ सांभाळून घेईल. हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता, सहसा मैदा-पाण्याचा. ‘आल्यॉने’ म्हणजे मोठ्या लसणीच्या टोमॅटो रश्शात मागवा. ‘राग्गू’ मांसाचा असतो. सूपमध्ये चरबी किंवा हॅमचा तुकडा असू शकतो, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोश्शुत्तो’ (मांस नको, हॅम नको) असं दोन्ही सांगा, कारण बऱ्याच जणांच्या लेखी हॅम मांसात मोडत नाही. ‘आक्वाकोत्ता’ हे मारेम्माचं, म्हणजे दक्षिण टस्कनीच्या किनारपट्टीकडचं, भाजी-पावाचं सूप छान, पण त्यात अंडं सोडतात. पिएन्झाचं पेकोरिनो चीज मेंढीच्या दुधाचं, आणि ते दूध घट्ट करायला सहसा प्राणिजन्य रेनेट वापरतात. कडक शाकाहारी असाल तर टाळा. टस्कनीच्या पावात मीठ नसतं, तो बिघडलेला नव्हे. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद, रात्री साडेसातच्या आत उघडत नाहीत, म्हणून मुलीसाठी काहीतरी जवळ ठेवा. त्या दिवसांत अमियातावर चेस्टनट भाजलेले मिळतील, तेवढ्याने तिची भूक भागेल.

गाडीसाठी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, भारतीय परवान्यासोबत तो लागतो. फ्लॉरेन्स शहरात गाडी घेऊ नका, विमानतळावरून घ्या. जुन्या शहरांच्या आत ‘झेडटीएल’ म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. लहान गावांतही हे आहे. वेशीबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून चालत आत जा. परतताना पितिल्यानोहून ओरव्हिएतो सुमारे तासाभरावर आहे, तिथे गाडी सोडून रेल्वेने रोमला जाता येईल. पण तिथली भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं दुपारी आणि रविवारी बंद असतात, वेळ आधी नक्की करून घ्या.

आणि उजव्या बाजूने गाडी चालवायला घरात कोणीच तयार नसेल तर हा बेत बसने जमवू नका. खेड्यांतल्या बसेस शाळेच्या आणि कामाच्या वेळा धरून असतात, रविवारी जवळजवळ नसतातच. अशा वेळी रोमहून रेल्वेने वितेर्बोला जा आणि दोन रात्री तिथेच राहा. ज्या राजवाड्याचं छप्पर उतरवलं तो तिथे उभा आहे, जुना शहरभाग पायी फिरण्याजोगा आहे. शहराबाहेर बुलिकामेचा झरा सुमारे ५८ अंशांनी उकळ्या मारतो. त्याच्या तोंडाला कुंपण आहे, पाणी निवत निवत शेजारच्या उथळ कुंडांत येतं. ‘तेर्मे देई पापी’ या स्नानगृहात मोठा उघडा तलाव आहे, जिथे तुमच्या आई-बाबांना कठडा धरून निवांत उतरता येईल. स्टेशनवरून टॅक्सी करा.